पाताळची तपासणी

पाताळच्या घरात सकाळपासून भांडण चाललं होतं, तेही एका रिकाम्या बाटलीवरून. मी कुंपणाअलीकडे पुस्तक घेऊन बसलो होतो. वाचत होतो असं मात्र म्हणवत नाही.

"तपासणीला गेलात तर काय मराल का?" त्याची बायको, आमची वहिनी, कडाडली.

"मरायला उरलंय काय माझ्यात?"

गाव त्याला पाताळ म्हणतं, कारण तीस वर्षं हा माणूस जमिनीखालीच राहिला. गावातल्या निम्म्या विहिरी त्याच्या हातच्या. वर काळी माती, मग मुरूम, मग खडक. पहारीच्या आवाजावरून पाणी किती हात खाली आहे ते तो सांगायचा. मग बोअरची गाडी आली. ज्याला त्याला दोन उन्हाळे लागायचे, ते काम ती जेवायच्या वेळेआधी उरकू लागली. तीन वर्षं झाली, पाताळ ओट्यावर बसून आहे. झोप नाही, भूक नाही, पोट सुटलंय. बायकोशी बोलणं म्हणजे खडकावर घाव.

आता शीतगृहाच्या फाटकावर राखणदाराची जागा निघाली होती. फक्त दवाखान्याचा दाखला हवा होता, आणि त्यासाठी दुसऱ्या दिवशी त्या बाटलीत लघवी द्यायची होती.

दुपारी तो कुंपण ओलांडून आला. बाटली सदऱ्याखाली.

"मास्तर, हसायचं नाही. एवढी भरून द्या."

मी चष्मा पुसला. "तुझी कुठं गेली?"

"माझ्यात काय निघेल कुणास ठाऊक. अंग आतून नासल्यासारखं वाटतं. तुम्हाला ना तंबाखू, ना दारू. घास मोजून खाता. आडात चांगलं, तर पोहऱ्यात चांगलंच येणार."

"अरे, ही फसवणूक झाली."

"मग मी तिथं ओट्यावर कुजतोय, ते काय आहे?"

'नाही' हा शब्द माझ्या तोंडून जन्मात कधी वेळेवर निघालेला नाही. मी बाटली घेऊन आत गेलो.

चार दिवसांनी तो दवाखान्याचा कागद घेऊन आला. मागोमाग वहिनी.

"वाचा मास्तर. कधीपासून जायचं कामावर?"

मी दोनदा वाचला. "साखर निघालीये. खूप. नापास केलंय."

वहिनीने कागद माझ्या हातून ओढून घेतला. "अहो, यांना साखर? कधीपासून?"

"यांना नाही वहिनी," मी म्हणालो. "मला."

सगळं ऐकून ती आधी हसली, मग कपाळावर हात मारून घेतला. "एक बुडत होता, त्यानं दुसऱ्याचा पाय धरला!"

दुसऱ्या दिवशी मी पाताळला घेऊन दवाखान्यात गेलो आणि कबूल केलं. डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही शाळकरी पोरांसारखं झापलं. मग त्याची खरी तपासणी केली. साखर नाही, काही नाही. सगळं स्वच्छ. पण जागा आदल्या दिवशीच भरली होती.

"मग मला झोप का नाही बाई?" त्याने विचारलं.

बाईंनी त्याचा तळहात उलटा करून पाहिला. जुन्या घट्ट्यांची सालं निघत होती. "याचं औषध माझ्याकडे नाही," त्या हळूच म्हणाल्या. मला मात्र गोळ्या दिल्या आणि खाली लिहिलं: रोज तासभर, घाम येईपर्यंत अंगमेहनत.

परतीच्या वाटेवर ऊन रणरणत होतं. जमिनीला हातभर भेगा. पाताळ म्हणाला, "गंमत बघा मास्तर. तुम्हाला कष्ट करा म्हणून डॉक्टर लिहून देतात. आणि मला कुणी करू देत नाही."



दुसऱ्या सकाळी माझ्या परसात पहारीचा आवाज आला. बाहेर जाऊन बघतो तर पाताळने मातीत मोठं वर्तुळ आखलेलं, आणि गुडघाभर खोलही झालेलं. अंग घामाने निथळत होतं.

"घमेलं घ्या," तो खालूनच म्हणाला. "मी खोदतो, माती तुम्ही उपसायची."

"अरे, माझ्या दारात नळ आहे. मला विहीर कशाला?"

"तुम्हाला नकोच आहे," पहार उचलत तो म्हणाला. "मला हवीये."

मी घमेलं उचललं.