पुढे कोणी नसलेली सीट

पहिल्या रांगेतली दोन तिकिटं मीच काढली होती, आणि वर शहाणपणही मिरवलं होतं. "पुढे कोणी नाही, म्हणजे तुमच्या गुडघ्यांवर कोणी सीट मागे पाडणार नाही," असं निघेपर्यंत ह्यांना ऐकवत होते. बसमध्ये चढलो तर पुढे खरंच कोणी नव्हतं. पुढे पत्रा होता. ड्रायव्हरच्या पाठीमागचा, चांगला जाडजूड. तो पत्रा आणि सीट यांच्यामध्ये माझे पाय जेमतेम मावत होते, आणि मी म्हणजे वरच्या फळीवरचा डबा काढायला जिला खुर्ची लागते अशी बाई.

हे वाकले, वळले, आणि गुडघे पत्र्याला टेकवून बसले. बसले कसले, स्वतःची घडी घालून ठेवली.

"छान आहे गं," म्हणाले. "ऐसपैस."

 मी ह्यांच्या डाव्या पायाकडे बघत राहिले.

ह्यांचा धंदा भिंती रंगवण्याचा. छताजवळची पट्टी रंगवायला ह्यांना स्टूलसुद्धा लागत नाही, म्हणून बरोबरचे रंगारी ह्यांना खांब म्हणतात. गेल्या वर्षी कुठल्याशा उंच जिन्यात शिडीवर चढायची वेळ आली आणि नेमका हा खांब कोसळला. डावा पाय मोडला. प्लास्टर निघालं तर पोटरीत रक्ताची गाठ झालेली. ती वर फुप्फुसात सरकली असती तर, एवढंच म्हणून डॉक्टरीणबाईंनी वाक्य अर्धवट सोडलं. ते अर्धवट वाक्य तेव्हापासून माझ्या उशाशी असतं. आता लेकीला बाळ झालं, म्हणून बाईंनी प्रवासाला होकार दिला, पण बजावून: पाय दुमडून बसायचं नाही, अधूनमधून उठून चालायचं.

गाव मागे पडल्यावर मी म्हटलं, "अहो, उठा जरा."

हे उठले. डोकं छताला लागलं म्हणून मान वाकडी करून उभे राहिले. लगेच कंडक्टर आला.

"काका, बसून घ्या. या गाडीत उभ्यानं चालत नाही."

"सॉरी हां," म्हणून हे पुन्हा घडीत शिरले. चौकटीवर डोकं आपटलं तरी चौकटीलाच सॉरी म्हणणारा माणूस! जन्मभर सगळीकडे अंग चोरून बसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"त्यांच्या पायाचं दुखणं आहे," मी म्हटलं. "गाडी थांबवा दोन मिनिटं."

"मावशी, हा हायवे आहे. जेवणाच्या थांब्यावर थांबेल की." आणि गेला निघून.

"पाय कसा आहे?" मी ह्यांना विचारलं.

"बरा आहे."

ह्यांचं 'बरा आहे' मला चांगलं ठाऊक आहे. पाय मोडला होता तेव्हाही, जिन्यात पडल्या पडल्या, हेच म्हणाले होते. मी वाकून पोटरीला हात लावला. दगडासारखी घट्ट. "मुंग्या आल्यात थोड्या," हळूच म्हणाले. नुसत्या अवघडण्यानं की त्या मेल्या गाठीनं, मला काही कळेना.  आणि हे सगळं मी, माझ्या हातांनी, तिकीट काढून करून ठेवलेलं.

मी उठले आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल असं विचारलं, "कोणी जागा बदलून देईल का? आजारी माणूस आहे."

हे माझी बाही ओढत राहिले. "अगं, बस खाली. लोकांना त्रास कशाला?"

लोकांना त्रास कसला? अर्धी बस त्या क्षणी झोपी गेली, उरलेल्या अर्ध्या बसला खिडकीबाहेर फार काही दिसायला लागलं. मग मी मागे चालत गेले, एकेका सीटसमोर हात आडवा धरून पाहत. सगळीकडे तेच, गुडघ्याला जागा नाही. शेवटच्या बाकावर मात्र अगदी मधे एक गोल गरगरीत गृहस्थ पिशवी पोटाशी धरून बसले होते. त्यांच्यासमोर कुठलीच सीट नव्हती. समोर होती ती मधली वाट, सरळ ड्रायव्हरपर्यंत.

"पुढे बसता का? पहिल्या रांगेत?"

"देव पावला, ताई!" ते म्हणाले. "धरायला काही नाही इथं. प्रत्येक ब्रेकला वाटेत लोळायची पाळी येते."

अदलाबदल झाली. आता ह्यांच्यात आणि माझ्यात सगळी बस. मी ह्यांना सांगून ठेवलं, "पाय हलवत राहा. मी मागे वळून बघत राहीन. डोकं दिसलं की मला कळेल." ह्यांचं डोकं सगळ्यांच्या वर असतं, कुठूनही दिसतं. शेजारचे गृहस्थ पत्र्याला पाय टेकून खूश होते, मला बिस्किटं देत होते. मी बिस्किट हातातच धरून ठेवलं. मी बघे, डोकं दिसे, जरा बरं वाटे, आणि लगेच ते अर्धवट वाक्य आठवे. मान दुखायला लागली.

आणि एकदा वळले तर डोकं नव्हतं.

बाकीची सगळी डोकी होती. मधे नुसती बाकाची पाठ. मी उठले ती कशी धावले, मला आठवत नाही. कोणाच्या तरी खांद्याला धक्का बसला, कंडक्टर "मावशी, मावशी" करत राहिला.

हे घसरून अर्धे आडवे झाले होते. मान बाकाच्या पाठीच्या बुडाशी, तोंड उघडं, आणि दोन्ही पाय वाटेत लांबच लांब सोडलेले, बूट काढून. मी खाली बसून पोटरीला हात लावला. सैल होती, मऊ होती. अंगठा हलला. हे घोरत होते! इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस बसमध्ये झोपलेला मी पाहिला नव्हता. मी तिथेच, वाटेतच, ह्यांचे पाय मांडीवर घेऊन बसले आणि मला रडू फुटलं.

कंडक्टरनं एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि न बोलता आम्हा दोघांना ओलांडून पलीकडे गेला.

ह्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "अगं, लोकांना अडचण होत असेल ना माझ्या पायांची?"

"होऊ दे," मी म्हटलं.