उरलेल्या गोळ्या

आमच्या गल्लीत विरजण मागावं तशा बाया गोळ्या मागतात. एकीच्या पट्टीतल्या दोन उरल्या की दुसरीच्या तापाले. मीबी वाटल्या, कायले खोटं बोलू?

माहा नवरा, आमचा बुढा श्रावण, पायाच्या जखमेनं गेला. यवतमाळच्या दवाखान्यात पू तपासला त डॉक्टर म्हणे, या जंतूवर नेहमीच्या गोळ्या चालतच नाहीत. घरी असताना त्याची पट्टी शेजारची कौसल्याच बदलायची. सख्ख्या बहिणीनं केलं नसतं एवढं तिनं केलं. मले लेकरू नाही. बुढा गेल्यावर दोन्ही वेळचा चहा मी तिच्याच ओट्यावर प्यायची.

एक दिवस तीच आली. "चंदे, बुढ्याच्या गोळ्या उरल्या असन त दे. दीपाचे टाके चिघळले."

दीपा तिची सून. नुकतंच सीझर झालतं.

"अवं, बुढ्याले गुण आला नाही, तिले काय येईन? दवाखान्यात ने."

"अन् बुढ्याची पट्टी बदलून कौसल्येनंच घरात रोग आणला म्हणतीन लोक! माही शप्पत आहे तुले, कुठी बोलू नको."

मी गोळ्या दिल्या नाहीत. तिनं दुसऱ्या घरून मागितल्या.

मंग आरोग्य खात्याची निकिता सिस्टर आली. "मावशी, हा जंतू सापडला की वर कळवा लागते. दिल्लीले, पार परदेशातल्या लोकायले. गल्लीत आणखी कोणाची जखम चिघळली काय?"

मले हसूच आलं. बुढा जलमभर यवतमाळच्या पलीकडं गेला नाही, अन् त्याचा जंतू चालला परदेशात!

समोर कौसल्या दारात उभी राहून माह्याकडंच पाहून राह्यली होती. जीव तुटला माहा. पण दीपा मरू द्यायची काय? मी तिच्या दाराकडं बोट केलं.

त्याच दिवशी दीपाले गाडीत घालून नेलं. पू तपासला, चालन ते औषध सापडलं. पोरगी वाचली.

काल दीपाच्या लेकराचं बारसं झालं. गल्लीतल्या साऱ्या बायायले बोलावणं होतं. मी नवं लुगडं नेसून बसली होती. भिंतीपल्याड पाळणा म्हणून राह्यल्या होत्या. हाक काही आली नाही. मेल्या एकीलेही माही आठवण झाली नाही!

सांजच्याले फोन वाजला. धावतच गेली मी. निकिता सिस्टर होती.

"मावशी, गल्लीत नवीन कोणी आजारी आहे काय?"

"काय माहीत, माय," मी म्हटलं. "मले आता कोणी काहीच सांगत नाही."