नऊ वर्षांची मालनबाई

सकाळी साडेदहाला मालनबाई पोतनीसांच्या घरातली निजायची खोली नाहीशी झाली. आता खोली म्हणजे काय कंगवा आहे, इकडंतिकडं पडायला? पण दाराच्या जागी सलग भिंत होती, आणि भिंतीमागून त्यांचे यजमान अनंतराव खोकत होते.

"मालन, छातीत दुखतंय गं. गोळी आण."

गोळी मुठीत धरून मालनबाई भिंत चाचपत राहिल्या. त्यांचं धाबंच दणाणलं. सोमवारी विळी दिसेनाशी झाली, मंगळवारी गॅसची शेगडी. तेव्हा त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. पण नवरा म्हणजे विळी नव्हे.

त्यांनी मोबाइलवरच्या खात्याच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिथली मुलगी भारी अदबशीर. खोली जागच्या जागी आहे, म्हणाली, सगळ्यांना दिसते, फक्त तुमच्या खात्याला दिसत नाही. खात्यात वय नऊ आहे आणि नऊ वर्षांच्या मुलांना एवढंच घर दाखवतात.

मालनबाईंना रडूच फुटलं. वय अनंतरावांनीच भरलं होतं. लहान मुलांच्या खात्यावर भामट्यांचं काही चालत नाही, असं त्यांनी कुठंसं ऐकलं, आणि अडुसष्ट वर्षांच्या बायकोला नऊ वर्षांची करून टाकलं. वर गावभर कौतुकानं सांगत सुटले. काय म्हणावं या शहाणपणाला!

"मग बदला की वय," मालनबाई म्हणाल्या.

"पालकांची परवानगी लागेल. त्यांच्या फोनवर विचारलंय."

भिंतीमागं फोन वाजला. अनंतराव धापा टाकत म्हणाले, दोन बटणं आलीत, पण अक्षर लागत नाही. त्यांचा चष्मा इकडं, जेवणाच्या टेबलावर राहिला होता. थांबा, हात लावू नका, असं ओरडून मालनबाईंनी मुलीला विचारलं, होकाराचं बटण कुठलं.

"ती माहिती तुमच्या वयाला देता येत नाही."

"खालचं दाबतो," अनंतराव म्हणाले. फोनवर मुलगी म्हणाली, नकार आलाय, वय नऊच कायम.

मालनबाईंच्या बांगड्या मनगटावरून घसरून फरशीवर पडल्या. मुठीतली गोळी दिसेनाशी झाली. टेबल छातीपर्यंत आलं.

भिंतीत कुणी म्हातारा मालन, मालन करत होता. तिला तो आवाज ओळखीचा वाटेना. परक्या माणसाला ओ द्यायची नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून ती भिंतीला पाठ लावून बसली. पाठीमागं भिंत आतून वाजत होती, आधी जोरात, मग हळू.