छत्तीस चालू यंत्रं

"सही करणार नाही म्हणजे नाही," मी म्हटलं आणि देवव्रत सरांचा कागद त्यांच्याच पुढ्यात सरकवला.

कागदावर लिहिलं होतं की बायोमेडिकल प्रयोगशाळेतली छत्तीस यंत्रं निकामी झाली आहेत, ती भंगारात काढावीत. यंत्रं माझ्या ताब्यात, म्हणून सही माझी हवी. मी सुगंधा राणे, इथली लॅब असिस्टंट, सव्वीस वर्षं झाली. खाली भंगारवाल्याचा टेम्पो येऊन उभासुद्धा होता. घाई बघा माणसांची.

सर आमचे नवे संचालक. अंधेरीच्या या कॉलेजातला आमचा दोन खोल्यांचा विभाग आता विद्यापीठाचं स्कूल होणार होता. सात मजली इमारत, काचेच्या भिंती, एसी. होऊ दे की, मला आनंदच आहे. पण तिथे जुनी यंत्रं नकोत आणि नव्या यंत्रांना कंपनीचं सील. उघडलं की वॉरंटी गेली. म्हणजे मुलांनी नुसती बटणं दाबायची? बटणं तर माझी नातही दाबते.

नीला मॅडमनी हा विभाग सुरू केला तेव्हा आमच्याकडे साधा स्क्रू नव्हता. घाटकोपरच्या एका नर्सिंग होमने टाकून दिलेलं ईसीजीचं यंत्र मॅडमनी आणि मी रिक्षातून मांडीवर घेऊन आणलं. रिक्षावाल्याला वाटलं, शिलाई मशीन आहे. तेव्हापासून इथला शिरस्ता असा, की पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाने एक बंद यंत्र उघडायचं आणि ते चालू झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. रडली पोरं, पण शिकली. ही छत्तीस त्यांनीच चालू केलेली.

सर मला समजावत होते की तुम्ही मार्चमध्ये रिटायर होताय, कशाला डोक्याला ताप करून घेता. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी म्हटलं, तुमच्या हाताने कुठलंही एक निवडा आणि मलाच लावा. बंद निघालं तर छत्तीसच्या छत्तीस घेऊन जा.

त्यांनी मुद्दाम सगळ्यात जुनं, ते रिक्षातून आणलेलं ईसीजीचं यंत्र निवडलं. मी टेबलावर आडवी झाले. तिसऱ्या वर्षाच्या मुली प्रॅक्टिकलला आल्या होत्या, त्या भोवती गोळा झाल्या. सरांनी स्वतः माझ्या मनगटांना आणि घोट्यांना चिमटे लावले, बटण दाबलं. कागद सरकू लागला. पोरांची यंत्रं राहणार की जाणार, ते आता त्या कागदावर होतं.

आलेख उलटा आला. जिथे टोक वर जायला हवं तिथे ते खाली.

"बघा," सर म्हणाले. "निकामी."

पोरी कागद बघू लागल्या. मग श्रुतिका कांबळी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, पुढे वाकली.

"सर, मशीन बरोबर आहे. चिमटे उलटे लागलेत. लाल चिमटा पेशंटच्या उजव्या हाताला ना, तुमच्या उजव्या बाजूला नाही."

पेशंटसमोर उभं राहिलं की नवख्यांचं हमखास असंच होतं. पहिल्या वर्षाची पोरं तर दर वेळी फसतात. सर मात्र तीन पदव्यांचे. श्रुतिकाने चिमटे बदलले आणि आलेख सरळ आला.

सरांचा चेहरा पडला, पण ते हटले नाहीत. म्हणाले, वरून आदेश आहे, सही तर लागेलच.

"द्या," मी पडल्यापडल्याच म्हटलं. चिमट्यासकट हात उचलून 'निकामी'वर रेघ मारली, वर 'चालू' लिहिलं आणि खाली सही ठोकली. चालू यंत्रं भंगारात घालायची असतील, तर आता दुसऱ्या कुणीतरी आपलं नाव लावावं.

कागद सरांच्या हातात दिला. श्रुतिका माझ्या मनगटाचा चिमटा सोडवू लागली.

"काढू नकोस गं," मी म्हटलं. "बाकीच्यांचं शिकायचं राहिलंय. पुढची कोण?"