रिह्याचा ळ

रेश्मा पडळघरेनं भाषाविज्ञान आणि युरोपीय संस्कृती हा विषय घेतला, तेव्हा तिच्या गावात, रिह्यात, त्याचं नावसुद्धा कुणाला धड घेता येईना. "फारेनचं कायतरी शिकतीया," एवढंच तिचे वडील नथू सांगायचे आणि कुणी पुढचं विचारलं की भाताच्या गोष्टीवर यायचे. विद्यापीठ भुकूमजवळच्या टेकडीवर होतं. घोटावडे फाट्यावर गाडी बदलली की झालं, पुण्यात खोली घ्यायला नको, म्हणून घरून होकार मिळाला होता.

पहिल्याच महिन्यात प्रत्येकाला वर्गासमोर युरोपातल्या एका देशाबद्दल मातृभाषेत बोलायचं होतं. रेश्मानं स्वित्झर्लंड घेतला होता. तयारी चोख होती. ती उभी राहिली आणि म्हणाली, "एवढुसा देश हाय, पण तितं चार भाषा हायेत."

वर्ग हसला. दुष्टपणानं नाही, पण हसला. कोथरूडहून येणारा निषाद, जो शाळेपासून फ्रेंच शिकत आला होता, तो पुढे कितीतरी दिवस कॅन्टीनमध्ये "चहा हाय का?" असं विचारत राहिला. रेश्माही सगळ्यांबरोबर हसली. त्यानंतर मात्र ती वर्गात बोलेनाशी झाली. उत्तर यायचं, पण आधी मनातल्या मनात वाक्य घासूनपुसून घ्यायची, 'आहे' जागेवर बसलंय का बघायची, आणि तोवर दुसरं कुणीतरी बोलून मोकळं झालेलं असायचं. परीक्षेत गुण उत्तम पडायचे. वर्गात ती असून नसल्यासारखी.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर नॉर्वेहून एक प्राध्यापिका शिकवायला आल्या. नाव इन्ग्रिड. उंच, पिकल्या केसांच्या, साध्या चपला घालून वर्गात येणाऱ्या. त्यांनी एका म्हाताऱ्या नॉर्वेजियन शेतकऱ्याचं बोलणं ऐकवलं आणि त्यातला एक शब्द पुन्हा पुन्हा लावला.

"सूर्याला आमच्याकडे काय म्हणतात, ऐका. शेवटचा आवाज नीट ऐका आणि म्हणून दाखवा."

निषादनं 'सूल' म्हटलं. इन्ग्रिडबाईंनी मान हलवली. कुणी 'सूर' म्हटलं, कुणी 'सूड'. वर्गात खसखस पिकली. मागच्या बाकावरून रेश्मा, मनात काही घासूनपुसून न घेता, पटकन म्हणाली, "सूळ."

बाई थांबल्या. "कोण बोललं? पुन्हा म्हण."

"सूळ."

"हुबेहूब नाही, पण जीभ अगदी त्याच जागी मुडपतेस तू!" त्या चालत मागच्या बाकापर्यंत आल्या. "हा आमच्या खेड्यातला आवाज. शहरातली मोठी माणसं त्याला गावंढळ म्हणायची. मी लहान असताना शाळेच्या बाई मला त्यावरून टोकायच्या. आज मी याच आवाजात विद्यापीठात शिकवते. आमच्याकडे संसदेतसुद्धा लोक आपापल्या गावचं बोलतात."

रेश्माचे कान तापले. पण या वेळी लाजेनं नाही.

त्याच आठवड्यात जाहीर झालं की वर्गातला एक विद्यार्थी पुढचं सत्र इन्ग्रिडबाईंच्या विद्यापीठात, नॉर्वेत शिकेल. ज्याला जायचं त्यानं युरोपातली एक बोली आणि आपली बोली यांवर निवड समितीपुढे बोलायचं. सगळ्यांनी धरून चाललं होतं की निषाद जाणार. रेश्मानंही नाव दिलं.

रिह्यात भाताची झोडणी चालू होती. खळ्यावर तिची चंद्राआत्या पेंढा बाजूला सारत होती. रेश्मानं फोन पुढे धरला.

"आत्या, बोल की कायतरी. भरून घेते."

"माझं बोलणं कशाला भरतीस त्यात? टीव्हीवरच्या बायांचं भर. लई गोड बोलत्यात."

"मला तुझंच पायजे."

"मग ऐक. तुझ्या बापाला सांग, पेंढा हितं टाकू नको, गोठ्याकडं टाक. सकाळधरनं सांगतीया, त्याच्या कानात काय बोळं हायेत का?"

खळं हसलं. नथूही हसले, पण रात्री जेवताना त्यांनी विषय काढला. "तितं मोठ्या लोकांपुढं उभी ऱ्हाशील. शुद्ध बोल. आपलं बोलू नको, पोरी."

"का, आप्पा?"

नथूंनी भाकरीचा तुकडा ताटातच ठेवला. "सातबाऱ्याच्या कामाला गेलो हुतो. तितल्या सायबानं मी बोललेलं तसंच म्हणून दाखवलं. सगळी कचेरी हसली. तुला कुणी हसलेलं मला सोसायचं न्हाई."

रेश्मानं त्यांच्या ताटात आमटी वाढली. स्वित्झर्लंडची गोष्ट तिनं घरी कधी सांगितलीच नव्हती.

निवडीच्या दिवशी ती इंग्रजीत बोलली, जपून, एकेक पाऊल टाकत. नॉर्वेतल्या शेतकऱ्याचा आवाज ऐकवला, मग चंद्राआत्याचा. दोन्हीकडे जीभ कशी मागे मुडपते ते फळ्यावर काढून दाखवलं. सगळं व्यवस्थित झालं. मग समितीतले ज्येष्ठ प्राध्यापक, दिग्विजय सर, मराठीत म्हणाले, "रेश्मा, अभ्यास चांगला आहे. पण उच्चार वेगळा आणि चूक वेगळी. 'हाय' ही शेवटी चूकच ना? उद्या परदेशात तू मराठीची प्रतिनिधी असणार. कुठली मराठी दाखवशील?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच विचारायचं होतं. रेश्माला ते जाणवलं आणि तिची भीती कुठल्या कुठे गेली. तिनं खडू उचलला. एका बाजूला लिहिलं: आहे, आहेस, आहेत. दुसऱ्या बाजूला: हाय, हायेस, हायेत.

"सर, बघा. तू म्हटलं की बदलतंय, ते म्हटलं की बदलतंय. एकबी जागा रिकामी न्हाई." ती आता थांबत नव्हती. "चूक असती तर ज्याची त्याची येगळी झाली असती. माझी एक, आत्याची दुसरी, आप्पांची तिसरी. अख्खं खोरं एकच चूक, एकाच पद्धतीनं, पिढ्यान् पिढ्या कशी करंल? ह्याला चूक न्हाई म्हणत सर, ह्याला नियम म्हणत्यात. आन् नियम शोधायलाच तर आपुन हितं बसलोय!"

समितीत बसलेल्या इन्ग्रिडबाईंनी विचारलं, "काय म्हणाली ती?" दिग्विजय सर भाषांतर करू लागले. 'अख्खं खोरं' पर्यंत आले, थांबले, फळ्याकडे बघितलं आणि मोठ्यानं हसले. "बाई, माझा प्रश्न मी मागे घेतो," ते इन्ग्रिडबाईंना म्हणाले. "असं उत्तर मला गेल्या कित्येक वर्षांत मिळालं नाही."

संध्याकाळी निकाल दाराबाहेर लागला. रेश्माचं नाव वाचून सगळ्यात आधी निषादच ओरडला. मग तो जवळ आला. "मी मनापासून तयारी केली होती, त्यामुळे वाईट वाटतंय," तो म्हणाला. "पण तुझं बोलणं मी दाराबाहेर उभा राहून ऐकलं. कॅन्टीनमधलं ते... मी फार मूर्खासारखा वागलो."

"वागलास खरा," रेश्मा म्हणाली. "आता चहा पाज."

रिह्यात बातमी तिच्या आधी पोचली. आत्यानं तिला खळ्यावरच पकडून गालावरून हात फिरवला, तिच्या केसांत भाताची तुसं अडकली. नथू लांब उभे होते. ती जवळ गेल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "कुणी हसलं?"

"व्हय. एक सर हसले. खूश होऊन."

नथूंनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली. त्यांचा चेहरा शर्यतीत बैल जिंकलेल्या माणसासारखा झाला होता.

तीन दिवसांत घोटावडे फाट्यावर फ्लेक्स लागला. तरुण मंडळाच्या शंभूनं सगळ्यांच्या आधी स्वतःचा फोटो टाकला होता आणि मधोमध, गॉगल लावलेल्या पुढाऱ्यांहूनही मोठी, रेश्मा. मागे झेंडा फडकत होता, पण नॉर्वेऐवजी डेन्मार्कचा.

"चुकलं का गं?" तिची नजर झेंड्यावर अडलेली बघून शंभू घाबरून म्हणाला. "बदलू का?"

रेश्मा मान वर करून बघत राहिली. ट्रकवाले वेग कमी करून तिच्याकडे आणि फ्लेक्सकडे आळीपाळीनं बघत होते. पलीकडे नथू चहाच्या टपरीवर कुणा अनोळखी माणसाला हात हलवत सांगत होते, "भाषाविज्ञान! भा-षा-विज्ञान! लई मोठा इषय हाय!"

"ऱ्हाऊ दे," ती शंभूला म्हणाली. "तिकडं पण जाऊन येईन."