दोन काड्यांचं पान

मी चपटी बोलतेय. हसू नका, या घरात मला हेच नाव आहे. जातीनं मी लॅपटॉप, पण इतकी हलकी की अक्का मला भाजीच्या पिशवीत घालून गच्चीवर नेते आणि अर्ध्या जिन्यात थांबून पिशवीत डोकावते, आहे ना ही, की खालीच राहिली.

कारखान्यात मला घडवताना पोट द्यायलाच विसरले. माझ्यात काही साठत नाही. माझ्यावर लिहिलेलं सगळं इंटरनेटवरून लांब कुठेतरी जाऊन राहतं. मी नुसती खिडकी. पण हे अक्काला कोण सांगणार?

आधी मी तिच्या मुलाची होते. त्यानं माझ्यावर नोकरीचे अर्ज लिहिले, नोकरी लागली आणि मी म्हातारी झाले. माणसांचं असंच असतं, काम सरलं की वस्तू आईकडे.

अक्का चार बुकं शिकलेली. जन्मभर तिनं शाळेचे गणवेश शिवले. माझ्या कळाही ती सुई टोचल्यासारख्या दाबते आणि खाली पाय उगाच पायडल मारत असतो. तिची धाकटी बहीण दुसऱ्या गावात. तिचं आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं, त्यात कान गेले. फोनवर अक्का इतकी ओरडायची की शेजारी दार उघडून बघायचे, भांडण कुठे लागलंय. शेवटी मुलानं ब्राउझरमध्ये एक कोरं पान उघडून दिलं, आणि तेच पान तिकडे धाकटीच्या घरीही. इथे लिहिलं की तिथे दिसायचं.

त्या पानावर दोन काड्या लुकलुकायच्या, एक अक्काची, एक धाकटीची. जिची काडी जिथे, तिची अक्षरं तिथे. दुपारचा चहा घेऊन दोघी पानावर यायच्या.

"काय गं बहिरे, जेवलीस का?" अक्का लिहायची.

"जेवले. तू कवळी लावून जेवलीस की तशीच?"

अक्काला दोन खोडी होत्या. एक म्हणजे, उठताना ती सगळं पान पुसून टाकायची. पान भरलं तर उद्या लिहायला जागा कुठली, असा तिचा हिशेब. कापड बेतून वापरलेली बाई, तिला न संपणारं पान कसं पटावं? दुसरी खोड वाईट. धाकटीचं वाक्य पुरं होतंय न होतंय, तोच आपली काडी त्याच्या शेपटाला लावायची आणि एकेक अक्षर खात सुटायची. धाकटी चिडून लिहायची, भवाने, तुला घरी खायला घालत नाहीत का. अक्का खुदूखुदू हसायची आणि चहा माझ्यावर सांडायची.

त्या दुपारीही तसंच. अक्काचा चष्मा कपाळावर होता. धाकटीनं एक ओळ लिहिली आणि तिची काडी पानावरून गेली. अक्कानं वाचलं नाही, सवयीनं मागून खायला लागली. बरंचसं खाऊन झाल्यावर तिच्या लक्षात आलं की समोर चिडायला कोणी नाहीच. एकटीनं काय चेष्टा करायची? बोट थांबलं. पानावर उरलं होतं फक्त, "अक्के,".

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. धाकटी स्वयंपाकघरात कोसळली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं.

तेव्हापासून अक्का पान पुसत नाही. दुपारी चहा घेऊन त्या एका शब्दासमोर बसते, चहा तसाच निवतो. तिनं हे कोणाला सांगितलेलं नाही. मला मात्र एकदा तोंड जवळ आणून म्हणाली, "चपटे, ती मला हाक मारत होती. मदत मागत होती, आणि मी खाऊन बसले."

मी ती ओळ वाचलीय हो. आणि एकटी मीच नाही, त्या पानालाही सगळं आठवतं. वरच्या पट्टीत एक जागा आहे, तिथे बोट ठेवलं की पुसलेलं अक्षरन् अक्षर परत येतं. सगळ्या दुपारच्या शिव्यासुद्धा. अक्काची नजर रोज त्या जागेवरून फिरते आणि पुढे जाते. मला तोंड नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

परवा मुलगा नवा लॅपटॉप घेऊन आला. म्हणाला, हिची बॅटरी गेलीय आई, दे टाकून. अक्कानं मला पोटाशी धरलं.

"हिच्यात माझं माणूस आहे."

त्यानं विचारायला हवं होतं, कोण, कसं. पण आई रडायला लागली की मुलं विचारत नाहीत, पाणी आणून देतात.

आता मी भिंतीच्या वायरीवर जगतेय. माझी बिजागरी सैल झालीय, पडद्यावर उभी रेघ आलीय. एक दिवस मी उघडणार नाही. पान कुठेही जाणार नाही, पण अक्काला वाटेल, तेही गेलं.

म्हणून तुम्हाला सांगतेय. अक्काकडे कधी बसायला गेलात, तर आधी तिचा चष्मा कपाळावरून नाकावर आणा. मग बोट धरून त्या जागेवर ठेवा. ती मदतीची हाक नव्हती. धाकटीनं लिहिलं होतं,

"अक्के, दूध उतू जातंय. माझी अक्षरं खाऊ नकोस, थांब, आलेच."