बंद शाळेतली सुकडी

"साळा बंद तर बंद गुरुजी, पर सुकडी तेवढी बंद करू नका," छबूबाई म्हणाली, तेव्हा आसाराम गुरुजी शाळेच्या दाराला कुलूप घालत होते.

"देवीची साथ आहे, छबूबाई. पोरं एका जागी जमवायची नाहीत, असा हुकूम आलाय."

"नका जमवू. राहीला एकलीलाच धाडते. वंजळभर द्या, घरी यिऊन खाईल."

"हजेरी नाही तर वाटप नाही. नियमच आहे तसा."

छबूबाईने डोक्यावरची पाटी सावरली आणि ती खडी फोडायच्या कामावर निघून गेली. वाद घालायला तिच्या अंगात तरी काय उरलं होतं?

त्र्याहत्तरचा माघ महिना होता. घोडेगावच्या बाजारात बैल मातीमोल गेले होते आणि वस्तीतली धडधाकट माणसं दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फोडत होती. पोरं शाळेत येत ती दुपारी मिळणाऱ्या सरकारी सुकडीच्या गोड पिठासाठी. गुरुजींना ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नसे. पोटामागून का होईना, चार अक्षरं आत शिरत होती. छबूबाईची चौथीतली राही तर सुकडी चाटूनपुसून खायची आणि मग साऱ्या वर्गाला धडा वाचून दाखवायची.

गुरुजींची बावीस वर्षं नोकरी झाली होती, पण कागदावर एक डाग नव्हता. भिमाजीच्या पोराला देवी आल्याचं भिमाजीने लपवलं, तरी गुरुजींनी तालुक्याला चालत जाऊन ते कळवलं. देवीची लस टोचणारा आला, पण निम्मी वस्ती लेकरांसकट कामावर होती आणि उरलेल्यांनी पोरं कणगीमागं दडवली. म्हणून शाळा बंद झाली. त्यात चूक काय होतं? काहीच नाही. सुकडीची तीन पोती मात्र आत कोंडली गेली आणि किल्ली गुरुजींच्या खिशात राहिली.

पहिल्या आठवड्यात पोरं दाराच्या फटीतून आत डोकावून जात. पुढं तीही येईनात.

तिसऱ्या आठवड्यात गुरुजी भिमाजीच्या घरावरून चालले होते. अंगणात पंगत बसली होती. अंगातून देवी गेली की थंड नैवेद्य करायचा आणि वस्तीतली लेकरं जेवू घालायची, ही रीत. दुष्काळात दही कुठून यायचं? भिमाजीने सासरवाडीहून तांदूळ आणून ताकात कालवला होता. गुरुजींनी पाहिलं, तर त्यांची अख्खी शाळा तिथं ओळीनं बसलेली! मधोमध भिमाजीचं पोर होतं. त्याच्या अंगावरच्या खपल्या अजून गळत होत्या आणि त्याला खेटून राही बसली होती.

"उठा! सगळे उठा आधी!" गुरुजी ओरडले.

भिमाजीची म्हातारी आई, रतनबाई, पळी हातात घेऊन आडवी आली. "आईच्या पंगतीतनं लेकरू उठवू नगा गुरुजी, कोप हुईल. आन उठवून त्यास्नी काय खाया घालनार हाय तुमी?"

गुरुजींनी राहीचं मनगट धरलं. तिने वर पाहिलं, पण तोंडातला घास चावायचा थांबवला नाही. उलट तो चटचट गिळला आणि मोकळ्या हाताने दुसरा उचलला.

"शाळेत चला, मी देतो," एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण हजेरी कुठली दाखवायची, हा विचार आधी आला आणि गुरुजींनी पोरीचं मनगट सोडून दिलं.

पंधरा दिवसांत सात पोरं तापाने फणफणली. दोघांना माती द्यावी लागली. राही वाचली, पण डोळ्यांत फोड आले होते, ते जाताना नजर घेऊन गेले.

चैत्रात शाळा तपासायला साहेब आले. त्यांनी शेरा लिहिला, 'वेळीच शाळा बंद केल्याने शाळेतून साथ पसरली नाही. शिक्षक कर्तव्यदक्ष.' खोटं तरी कसं म्हणावं? साथ शाळेतून पसरलीच नव्हती. गुरुजींनी तो शेरा वाचला आणि वही मिटली.

शाळा उघडली. सुकडी खवट झाली होती, तरी पोरांनी रांग लावली. छबूबाई राहीला हाताला धरून घेऊन आली.

"हिला बसवा गुरुजी. आता लिवायवाचायचं काय न्हाई, पर हजेरी लागंल. खाईल तरी."

"छबूबाई, त्या दिवशी मीच…"

"तुमी काय करनार? नियम हुता." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर गुरुजींना बरं वाटलं असतं.

राही चाचपडत नेहमीच्या जागेवर गेली आणि बसली, ती फळ्याकडे पाठ करून. एक पोर फिदीफिदी हसलं. शेजारची मुलगी तिला वळवायला उठली.

"राहू दे," गुरुजी म्हणाले.

ते खुर्चीवरून उठले, पोरांच्या रांगांमधून मागच्या भिंतीपाशी गेले आणि तिच्यासमोर खाली मांडी घालून बसले. मग त्यांनी चौथीचं पुस्तक उघडलं आणि बावीस वर्षांत प्रथमच, पोरांकडून वाचून न घेता, धडा स्वतः वाचायला सुरुवात केली.